दीड फुटाचा चौकोन

७ ऑक्टोबर, सोमवार

सूनबाई,

सकाळी साडेसहाला मशीन व्हॅनमध्ये चढवलं. फळी लावली की एकट्याला चढवता येतं. आधी मोठ्या फाटकाच्या आजींकडे गेलो. त्यांच्या अंगणाला शेवाळ धरलं आहे. फाटकापाशी नमुना धुऊन दाखवला. मुलाला विचारून सांगते म्हणाल्या. मग पेन्शनर मास्तरांकडे गेलो, तिथंही नमुना धुतला. घरी येऊन जेवलो. संध्याकाळी दोन्ही अंगणांची मापं कागदावर उतरवली.

तू माहेरी गेल्याला तीन महिने झाले. एवढ्या दिवसांत मी लिहिलं नाही आणि तूही नाही, तेव्हा हे पत्र बघून तुला नवल वाटेल. कामाचंच लिहितो. आपल्या पोराचा प्रेशर वॉशर जुलैपासून गोणपाटाखाली पडून होता. तो गेला म्हणून मशीन सडू द्यायचं, हे मला पटेना. धंदा मी पुढं चालवायचं ठरवलं आहे. निवृत्त ड्राफ्ट्समन गमबूट घालून लोकांची अंगणं धुतो म्हणून लोक हसतात. हसू देत. घरी मी एकटा काय करणार होतो?

त्याचा कामाचा फोन तुझ्याकडे आहे. गिऱ्हाइकांचे सगळे नंबर त्यात आहेत. मी घरं शोधतो ती आठवणीनं, आणि आठवण आता पूर्वीसारखी राहिली नाही. फोन पाठवून दे.

तो गेल्यावर सगळे घरी जमले होते, तेव्हा मी फोनचं विचारलं. ते तुला लागलं असं नंतर कानावर आलं. मी आवाज चढवला नव्हता. फोन कुठं आहे, एवढंच विचारलं. तू उत्तर दिलं नाहीस आणि दुसऱ्या दिवशी भावाबरोबर निघून गेलीस. उत्तर न देणाऱ्या माणसाबद्दल लोक काय समजतात, हे मी वेगळं सांगायला नको.

तब्येतीला जप.

२० ऑक्टोबर, रविवार

सूनबाई,

आज काम नव्हतं. पाइप धुऊन वाळत टाकला. नोझलच्या भोकात खडा अडकला होता, तो सुईनं काढला.

तुझं उत्तर आलं नाही. तरी लिहितो.

मास्तरांचं अंगण गेलं. त्या सोमवारी नमुना दाखवला आणि गुरुवारी अंदाजपत्रक घेऊन गेलो, तर अंगण धुऊन लख्ख. मास्तर ओशाळले. म्हणाले, "अहो, तो निळ्या गाडीवाला आपणहून आला आणि लगेच करतो म्हणाला. मी नाही कसं म्हणू?" आजींचं अंगण मिळालं, पण ते सुद्धा त्यांचा मुलगा गावाला गेला होता म्हणून. तो परत येईपर्यंत त्या कोणालाच फाटक उघडत नाहीत.

माझी पद्धत तुला माहीत नसेल, म्हणून सांगतो. प्लायच्या फळीला दीड फुटाचा चौकोन कापून घेतला आहे. ती फळी जमिनीवर ठेवायची आणि आतल्या जागेवर धार मारायची. कडा अशा येतात की काटकोन तपासायला गुण्या लावून बघावं. काळ्या अंगणात एवढाच पांढरा चौकोन दिसला की मालकाला बाकीचं अंगण बघवत नाही. हा चौकोन मी फाटकापाशीच करतो. मग घरी येऊन अंगणाचा आराखडा काढतो, मोजमाप लिहितो आणि तीन दिवसांत नेऊन देतो. गावात असं कोणीच करत नाही.

गावात आता आठ मशिनं झाली आहेत. टायरवाल्याच्या जावयानं सुद्धा घेतलं. ज्याच्या घरी नळ तो धुणारा. पण माझी घरं नेतो एकच माणूस, ज्याच्या निळ्या गाडीवर 'चकाचक' लिहिलंय तो. सहा घरांना नमुने दाखवले, त्यातली चार त्यानं नेली. बाकीच्या सहा मशीनवाल्यांना माझ्या घरांचा पत्ता लागत नाही आणि या एकाला लागतो. याला योगायोग म्हणायला मी काही दुधखुळा नाही.

चारांपैकी तीन घरं आपल्या पोराच्या जुन्या गिऱ्हाइकांची. चौथं गॅरेजवाल्याचं, ते मात्र नवं, फोनमध्ये नसणारं. त्याचा मेळ अजून लागत नाही. लागेल.

तुझा मावसभाऊ हल्ली चकाचकच्या गाडीवर असतो. मला बाजारात दिसला. अंगानं भरला आहे.

येत्या शुक्रवारी डॉक्टरीणबाईंकडे जाणार आहे. पिवळ्या भिंतीचं घर, तुला आठवत असेल. दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही. आपलं सहज लिहितो.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

सूनबाई,

आज सकाळी बँकेत गेलो, पासबुक भरून घेतलं. येताना डॉक्टरीणबाईंच्या घरावरून आलो. त्यांचं अंगण सोमवारीच धुऊन झालं आहे. कोणी धुतलं ते तुला माहीत असेल.

स्पष्ट लिहितो. मागच्या पत्रात डॉक्टरीणबाईंचं नाव मी मुद्दाम घातलं होतं. पत्र तुला बुधवारी मिळेल असा अंदाज होता. गेल्या शुक्रवारी मी गेलो, मापं घेतली, नेहमीसारखा नमुना धुतला आणि कोणाशी न बोलता परत आलो. शेजाऱ्यांना सांगितलं नाही, पेट्रोल पंपावर सांगितलं नाही. डॉक्टरीणबाई चार दिवस दवाखान्याबाहेर पडल्या नव्हत्या, त्यांना मी ते विचारून घेतलं आहे. म्हणजे हे घर फक्त मला ठाऊक होतं आणि तुला. सोमवारी निळी गाडी त्यांच्या दारात उभी होती. तुझा मावसभाऊ पाइप धरून होता. मला बघून त्यानं मान खाली घातली.

तीस वर्षं मी नकाशे काढले. रेघ कुठून निघून कुठं पोचते, एवढं मला समजतं.

माझं काही चुकलं असेल. मी कमी बोलतो, आणि बोलतो ते वेळेवर बोलत नाही. पण तुझा नवरा गेला तसा माझा मुलगाही गेला. ज्या माणसानं जिवंतपणी त्याची गिऱ्हाइकं पळवली, त्यालाच त्याची यादी द्यावी, एवढं या घरानं तुझं काय केलं होतं?

मला उत्तर नको. फोन पाठव. नाहीतर मी स्वतः तुझ्या वडिलांकडे येऊन मागेन. त्यांच्यासमोर तुला अवघड होईल म्हणून आधी कळवतो आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार

सूनबाई,

फोन काल दुपारी कुरिअरनं आला. बरोबर चिठ्ठी नव्हती. फोन पूर्ण चार्ज होता आणि काच पुसलेली होती. वायर गुंडाळून तिला रबर लावलं होतं. मागं कागदाच्या तुकड्यावर पासवर्ड चिकटवला होता.

आधी मी कोणाकोणाला फोन गेले ते बघितलं. शेवटचा फोन तो गेला त्याच्या आदल्या दिवशीचा आहे. नंतर एकही नाही. संदेश नाहीत, फोटो नाहीत. पुसून टाकलं असशील असं वाटलं. यादी कागदावर उतरवून घ्यायलाही कितीसा वेळ लागतो, असंही वाटलं. हे तुझ्यापासून लपवत नाही.

मग नंबर बघायला बसलो. मला वाटलं होतं नुसती नावं असतील. ती तशी नाहीत.

'मोठं फाटक, आजी. कुत्रा चावत नाही पण ओरडतो, आधी बांधायला सांगा. मुलगा घरी असेल तेव्हाच.'

'पेन्शनर मास्तर. बोलायला माणूस हवा असतो. दहा मिनिटं धरून चाला.'

'पिवळी भिंत, डॉक्टर. दुपारी दोन ते चार बाळ झोपतं. मशीन नको.'

'बाबा. पहिल्या रिंगला उचलत नाहीत. दोनदा करा.'

एक्केचाळीस नोंदी आहेत. मी सगळ्या वाचल्या, एकदा नव्हे. त्यानं लिहिल्या असतील म्हणून वाचायला घेतल्या होत्या. पण तो 'करा' असं लिहीत नसे. स्वतःसाठी लिहिणारा माणूस 'करा' कशाला लिहील? आणि फोनवर बोलायला तो लहानपणापासून लाजायचा. परक्या माणसाचा फोन आला की रिसीव्हर माझ्या हातात देऊन पळायचा. हे मला माहीत होतं. धंदा सुरू झाला तेव्हा गिऱ्हाइकांशी कोण बोलत असेल, हा प्रश्न मात्र मला पडला नाही.

आज आजींना या फोनवरून फोन लावला. त्यांनी उचलताच विचारलं, "सूनबाई कुठं आहेत? फोनवर नेहमी त्याच बोलायच्या." माहेरी गेली आहे म्हटलं. "अजून?" म्हणाल्या. मी फोन ठेवला.

बऱ्याच नोंदींच्या खाली 'नमुना मागच्या नळापाशी दाखवला, काम त्याच दिवशी' असं आहे. याचा अर्थ मला लागला नाही. मागच्या नळापाशी कोण बघायला जाणार? जाहिरातीची त्याला अक्कल नव्हती, असं वाचताना मनात आलं.

फोन मिळाला, हे कळवण्यासाठी हे पत्र. बाकीचं मिटलं असं समजू नकोस. डॉक्टरीणबाईंच्या घराचं मला उत्तर मिळालेलं नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सूनबाई,

सकाळी नव्या वसाहतीत एका अंगणात नमुना धुतला. हे घर फोनमध्ये नाही. तुला त्याची काहीच माहिती असण्याचं कारण नाही. म्हणूनच ते निवडलं. नमुना झाल्यावर व्हॅन पलीकडच्या गल्लीत उभी केली आणि समोरच्या शिंप्याच्या दुकानात जाऊन बसलो. तासाभरानं शिंपी म्हणाला, "काका, शर्ट शिवायचाय की पहारा द्यायचाय?" एक विजार शिवायला टाकली.

साडेअकराला निळी गाडी आली. ती कुठल्या पत्त्यावर आल्यासारखी आली नाही. रस्त्याच्या कडेनं सावकाश येत होती. चकाचक खिडकीतून खाली बघत होता, हरवलेली किल्ली शोधावी तसा. त्या फाटकापाशी गाडी थांबली. तो उतरला, माझ्या नमुन्यापाशी उभा राहिला आणि बुटानं त्याची कड पुसून बघितली. मग बेल वाजवायला गेला.

मी रस्ता ओलांडला. जुळवून ठेवलेलं सगळं बोलणं विसरलो आणि एवढंच विचारलं, "हे घर तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की, काका."

मी म्हटलं, चेष्टा करू नकोस.

"चेष्टा कसली? काळ्या अंगणात दीड फूट पांढरा चौकोन, तोही फाटकापाशी. आंधळ्याला दिसेल. आम्ही सकाळी गाडी काढतो ती तुमचे चौकोन बघत. चौकोन असला की समजायचं, मालकाचं मन झालंय, नमुना बघितलाय, फक्त काम व्हायचंय. आणि तुम्ही बसता घरी नकाशा काढत. तुमचा नकाशा येईपर्यंत माझं अंगण वाळलेलं असतं." तो हसत होता, पण वाईट हसत नव्हता. "पोरं गाडीत तुम्हाला जाहिरात खातं म्हणतात."

मी म्हटलं, माझा मुलगाही नमुने दाखवायचा.

"तो मागच्या बाजूला दाखवायचा, आणि लगेच पाइप सोडायचा. त्याचा एकही नमुना मला कधी सापडला नाही."

तुझा मावसभाऊ गाडीतून उतरला होता. इतका वेळ तो माझ्याकडे बघत नव्हता. आता म्हणाला, "काका, तुम्ही ताईला काही लिहिलंत का? मी या गाडीवर लागलो तेव्हापासून ती मला दारात उभं करत नाही. दादाच्या पोटावर पाय देणाऱ्याकडे राबतोस, म्हणते. मागच्या आठवड्यात मावशी फोनवर रडत होती. काय झालं ते कोणी सांगेना."

शिंप्याकडे जाऊन विजारीची पावती घेतली आणि घरी आलो.

डॉक्टरीणबाईंचं घर चकाचकला तू सांगितलं नाहीस. मी सांगितलं. सापळा लावायला गेलो आणि तिथंही सवयीनं चौकोन धुऊन आलो. गॅरेजवाल्याच्या घराचा मेळ लागत नव्हता, तो तेव्हाच लावायला बसलो असतो तर पुढचं पत्र गेलं नसतं. पण मेळ लागावा अशी माझी इच्छा नव्हती. तुझ्यावर संशय धरला की मला सकाळी उठायला कारण मिळत होतं. आज गाडी कुठं जाते, कोण कोणाशी बोलतं, हे बघण्यात दिवस जायचा. दिवस जाणं अवघड झालं होतं.

दोन पत्रांतलं मी परत घेतो. परत घेतल्यानं ती वाचलेली नाहीत असं होत नाही, हे मला समजतं.

फोनचंही सांगतो. तेव्हा सगळे जमले होते आणि माझ्याकडे बघत होते. बापानं काहीतरी बोलावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. माझ्या तोंडून फोन कुठं आहे, एवढंच निघालं. मला फोन नको होता. काय हवं होतं ते तिथं कोणाकडेच नव्हतं.

हा फोन त्याचा समजून मी मागितला. तो तुझा आहे. या पत्राबरोबर परत पाठवतो. त्यात मी काही बदललेलं नाही. फक्त गॅरेजवाल्याची नोंद वाढवली आहे, तीही तुझ्यासारखी जमली नाही.

हे काम तू आणि त्यानं मिळून केलं होतं, हे मला कोणी सांगितलं नाही असं मी म्हणणार होतो. पण मी विचारलं नव्हतं.

तू परत ये असं लिहायचा मला अधिकार नाही. लिहीत नाही.

बाबा

२४ नोव्हेंबर, रविवार

सूनबाई,

काल आजींच्या शेजारच्या बंगल्यात काम केलं. आज घरीच होतो.

तुझं पत्र आलेलं नाही. पण गुरुवारी आजींचा मुलगा रस्त्यात भेटला आणि म्हणाला, शनिवारी सातला शेजारी येताय ना, सूनबाईंचा फोन आला होता. मी हो म्हटलं. मग घरी येऊन विचार करत बसलो. खोटं कशाला लिहू, आधी चकाचकचाच संशय आला. रिकाम्या घरी पाठवून माझी फजिती करायची, असं काही असेल. तिथं कोणी नसेल अशा तयारीनंच गेलो.

फाटक उघडं होतं. दोन्ही गाड्या रस्त्यावर काढून ठेवल्या होत्या. कुंड्या ओट्यावर उचलून ठेवल्या होत्या, टाकी भरलेली होती, मागच्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. मालक म्हणाले, तुमच्या सूनबाईंनी सगळं पाठ करून घेतलं आमच्याकडून, दोनदा. इतकी तयारी मी कोणाकडून करून घेतली नव्हती. मी जायचो आणि गाड्यांना वळसे घालत धुवायचो. तेव्हा कळलं की फोन तूच केला असणार.

चौकोनाची फळी घरीच ठेवली होती. मागच्या नळापाशी एक पायरी धुऊन दाखवली, मालकीणबाई हो म्हणाल्या आणि लगेच पाइप सोडला. काम दीड वाजता संपलं. फाटकापाशी पाणी साचतं, तिथं उतार चुकला आहे. मालकांना ते सांगितलं. ते म्हणाले, गवंड्यानं दहा वर्षांत कधी सांगितलं नाही.

काम मिळालं म्हणजे तू मला माफ केलंस, असं मी समजत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माफीची तू घाई करू नकोस, आणि करायचीच असं नाही. मावसभावाला मात्र दारात घे. त्याला दुसरीकडे काम नव्हतं म्हणून तो तिथं लागला, आणि त्या दिवशी तुझ्या बाजूनं बोलणारा तो एकटाच होता.

कामाचं लिहितो. मंगळवार, बुधवार आणि शनिवार मोकळे आहेत. गुरुवारी मशीनचं तेल बदलायचं आहे. उंच भिंती घेऊ नकोस, शिडीवर चढून धार मारणं मला जमत नाही. तू घेतलेल्या प्रत्येक कामात तुझा अर्धा वाटा आहे. तो तुझ्या नावावर बाजूला ठेवतो आहे. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. दिवस आणि घर एवढं कोणाकडून तरी कळव, मी जाईन.

त्याच्या खोलीचं दार इतके महिने बंद होतं, ते आज उघडलं. आत जाण्याचं कारण नव्हतं. थोडा वेळ दारातच उभा राहिलो. खिडकी उघडून ठेवली आहे.

काल सहा तास बुटांत पाणी होतं. रात्रभर पाय कोरडे झाले नाहीत. नखं अजून मऊ आहेत, तोवर मागच्या पायरीवर बसून कापून घेतो.

बाबा